पुराव्यापलीकडची सही : नेल्सनच्या मुंबईस आलेल्या एका पत्राचे वाचन

ऐतिहासिक पत्राचा विचार आपल्याकडे मुख्यत्वे 'साधन' या एकाच कोटीत झालेला आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि बखरीच्या तुलनेत अस्सल पत्राला अग्रस्थान दिले. इतिहासलेखनाच्या दृष्टीने ते योग्यच होते. साहित्यविचाराला मात्र या अग्रस्थानाची किंमत मोजावी लागली आहे. बखर अविश्वसनीय ठरली म्हणूनच ती वाङ्मय म्हणून वाचणे शक्य झाले. तिचे निवेदन, तिच्यातील अतिशयोक्ती, नायकाची घडण यांची चिकित्सा झाली. पत्र विश्वसनीय ठरले आणि त्यामुळेच वाचनातून सुटले. जे अस्सल आहे ते वापरायचे असते, वाचायचे नसते, असा एक अलिखित संकेत त्यातून रूढ झाला. पत्र अस्सल आहे हे ठरवण्यासाठी कागद, अक्षर, तारीख, शिक्का आणि सही तपासायची. एकदा ती खूण पटली की मजकुरातून वस्तुस्थिती उचलून घ्यायची आणि उरलेले, म्हणजे मायना, आर्जव, क्षमायाचना, समाप्ती, हे टरफल म्हणून बाजूला टाकायचे.

या टरफलात काय असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी घेतलेले पत्र मराठी नाही. ते मराठी मुलखाच्या किनाऱ्यावरील एका शहरास उद्देशून लिहिलेले आहे, आणि त्या शहराविषयी त्यात एक असे विधान आहे की ज्याला पत्रातच पुरावा नाही. ९ ऑगस्ट १७९८ रोजी नाईल नदीच्या मुखाशी नांगरलेल्या 'व्हॅनगार्ड' या जहाजावरून रिअर अ‍ॅडमिरल होरेशिओ नेल्सन याने मुंबईच्या गव्हर्नरास हे पत्र लिहिले. सर निकोलस हॅरिस निकोलस यांनी नेल्सनच्या पत्रांचे जे सात खंड १८४४ ते १८४६ या काळात संपादित केले, त्यांपैकी तिसऱ्या खंडात ते छापलेले आहे. नेल्सनच्या चरित्रकारांनी आणि भारतातील ब्रिटिश सत्तेच्या इतिहासकारांनी त्याचा उल्लेख पुष्कळदा केला आहे. 'फ्रेंचांचे संकट टळल्याची वार्ता नेल्सनने मुंबईला कळवली' असे त्याचे सार सांगण्याची प्रथा पडून गेली आहे. मूळ पत्र हे सांगत नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रसंग थोडक्यात असा. १ ऑगस्टच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत अबूकीरच्या उपसागरात लढाई होऊन फ्रेंचांच्या तेरा मोठ्या युद्धनौकांपैकी अकरा पकडल्या गेल्या वा नष्ट झाल्या. लढाईच्या ऐन भरात एक तुकडा नेल्सनच्या कपाळावर बसला, रक्ताने काही काळ त्याला काहीच दिसेनासे झाले आणि आपण मरणार अशी त्याची खात्री झाली. उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिकातील काल्व्ही येथे गेली होती. उजवा हात १७९७ च्या जुलैमध्ये तेनेरिफ येथे कापावा लागला होता. म्हणजे हे पत्र एका डोळ्याच्या, एका हाताच्या आणि आठ दिवसांपूर्वी डोके फुटलेल्या माणसाचे आहे. ही माहिती भावनेला आवाहन करण्यासाठी देत नाही. पत्राच्या अखेरीस लेखक स्वतःच आपल्या शरीराची साक्ष काढतो, म्हणून ती देणे भाग आहे.

पत्राचा आरंभ एका अनुपस्थितीने होतो. इजिप्तमध्ये जे वकील आहेत, किंवा असायला हवे होते, त्यांनी आपल्याला इथली हकीकत कळवली असेल अशी आशा आहे. परंतु बाल्डविनसाहेब काही महिन्यांपूर्वीच अलेक्झांड्रिया सोडून गेले असल्याने आपल्याला रीतसर बातमी पोचली नसण्याचा संभव आहे, असे नेल्सन म्हणतो. 'किंवा असायला हवे होते' हा टोमणा लक्षणीय आहे. बातमी देण्याचे काम ज्याचे, तो जागेवर नाही. म्हणून ज्याचे ते काम नाही तो लिहीत आहे. पत्र लिहिण्याचा अधिकार या ठिकाणी हुद्द्यातून येत नाही, हुद्द्याच्या रिकाम्या जागेतून येतो. यानंतर येते ती हकीकत : चाळीस हजारांचे फ्रेंच सैन्य, तीनशे वाहतुकीची जहाजे, १ जुलै रोजी अलेक्झांड्रियास आगमन, ७ जुलै रोजी कैरोकडे कूच. वाक्ये आखूड आहेत. तारखा आणि आकडे एकामागून एक येतात. हा भाग निखळ 'साधन' आहे, आणि इतिहासकाराला हवे असते ते एवढेच.

पुढचा परिच्छेद मात्र निराळ्या जातीचा आहे. नेल्सन सांगतो की बोनापार्टचे खलिते कालच आपल्या हाती लागले, ते आपल्यासमोर आहेत, म्हणून आपण खात्रीने बोलत आहोत. आणि लगेच तो त्या खलित्यांची समीक्षा करू लागतो. बोनापार्ट त्या देशाविषयी आणि तिथल्या लोकांविषयी फारसे बरे बोलत नाही. पण त्याच्या पत्रांत शब्दांचा फुगारा इतका आहे की सत्याच्या जवळ जाणे अवघड. ममलुकांशी झालेल्या चकमकींना फ्रेंच मोठमोठी नावे देतात. देशाची घडी बसवीत आहोत असे ते म्हणतात, पण फौजेच्या पायाखाली जेवढी जमीन आहे तेवढीच त्यांची. पकडलेल्या पत्राचे हे वाचन कोणत्याही कागदपत्रांच्या अभ्यासकाला मान्य व्हावे असे आहे. लेखकाचा हेतू, त्याची शैली, शैली आणि वस्तुस्थिती यांतले अंतर, स्वतःविषयी बोलताना होणारी अतिशयोक्ती, या साऱ्यांचे भान त्यात आहे. राजवाड्यांनी बखरकारांना जी कसोटी लावली तीच नेल्सन शत्रूच्या पत्राला लावतो. पत्र अस्सल आहे याबद्दल त्याला शंका नाही. अस्सल पत्रही खोटे बोलू शकते हे त्याला ठाऊक आहे. ही पकडलेली पत्रे पुढे त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि खाजगी लखोटे फोडून सार्वजनिक वाचनासाठी मांडण्याचा तो प्रकार बराच गाजला, हे येथे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

आता कळीचे वाक्य. या खलित्यांत बोनापार्ट हिंदुस्थानचे नावही काढत नाही, असे नेल्सन लिहितो. पुढे म्हणतो की सुएझ येथे सैन्य नेण्याजोगे एकही फ्रेंच जहाज असल्याचे पुष्कळ चौकशी करूनही आपल्याला आढळले नाही. म्हणजे कागदाचा पुरावा नाही आणि चौकशीचाही नाही. आणि लगोलग तो विधान करतो : त्यांना तिथवर पोचता आले तर मुंबई हेच त्यांचे पहिले उद्दिष्ट आहे, हे मला ठाऊक आहे. या 'मला ठाऊक आहे'ला आधार कोणता? नुकताच ज्याने शब्दांच्या फुगाऱ्यातून सत्य वेगळे काढण्याची शिस्त दाखवली, तो वाचक येथे आपल्याच पुराव्यावरून उडी मारून पलीकडे जातो. वाक्याच्या उत्तरार्धात तर तो सर्वशक्तिमान ईश्वरालाच पाचारण करतो आणि मानवजातीच्या या कीडीचा नाश इजिप्तमध्येच होईल असा भरवसा व्यक्त करतो. ज्या फुगाऱ्याबद्दल त्याने बोनापार्टला नावे ठेवली त्याच्या जवळपास तो स्वतः आता आलेला आहे.

इतिहासकार यावर म्हणेल की नेल्सनचा तर्क बरोबरच होता. फ्रान्सच्या संचालक मंडळाने १७९८ च्या एप्रिलमध्ये बोनापार्टला दिलेल्या आदेशात पूर्वेकडील इंग्रजांच्या वसाहती हा विषय होताच. आणि १७९९ च्या जानेवारीत बोनापार्टने कैरोहून टिपू सुलतानास मैत्रीचे पत्रही लिहिले. हे दुसरे पत्रही वाटेत इंग्रजांच्या हाती पडले आणि टिपूला ते कधी मिळाले नाही. खरे आहे. पण नंतर खरा ठरलेला तर्क हा आधीच्या विधानाचा पुरावा नव्हे. ९ ऑगस्ट रोजी नेल्सनच्या मेजावर जे कागद होते त्यांत मुंबई नव्हती. मुंबई आली ती पत्र लिहिणाऱ्याकडून.

ती कोठून आली असेल याचा थोडा विचार करता येतो. 'सीहॉर्स' या जहाजावर १७७३ ते १७७६ ही वर्षे नेल्सनने पूर्वेकडील समुद्रात काढली. मुंबई, मद्रास, बसरा त्याने पोरवयात पाहिले. आयुष्यातली पहिली चकमक त्याने अनुभवली ती १७७५ मध्ये मलबारच्या किनाऱ्याजवळ, हैदर अलीच्या गलबतांशी. आणि पुढच्या वर्षी हिवतापाने खंगल्यामुळे त्याला मायदेशी परत धाडावे लागले. टिपूचे नाव प्रस्तुत पत्रात नाही. पण टिपूच्या बापाच्या तोफा पत्रलेखकाने ऐकलेल्या होत्या. तरीही चरित्रावरून वाक्याचा उलगडा करण्याचा मोह आवरलेला बरा. स्मृती हे कारण असू शकेल. वाक्यात मात्र स्मृतीचा उल्लेख नाही. वाक्यात आहे तो फक्त प्रथमपुरुष एकवचनी क्रियापदाचा अधिकार. हा अधिकार ज्या जागी जमा होतो ती जागा म्हणजे पत्राखालची सही.

सहीच्या सिद्धान्ताची चर्चा या निमित्ताने करणे आवश्यक आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या भाषिक कृतीच्या उपपत्तीत बोलणारा आपल्या उच्चारामागे स्वतः उभा असतो. लिखित विधानाच्या बाबतीत ती जागा सही घेते. सही म्हणजे लेखकाच्या गैरहजेरीत त्याची हजेरी. जाक देरिदा यांनी १९७१ मध्ये माँट्रियल येथे वाचलेल्या निबंधात या गृहीताला छेद दिला. सही ओळखू येण्यासाठी ती पुन्हा पुन्हा तशीच करता आली पाहिजे; म्हणजे जिला आपण एकदाच घडणारी, अनन्य खूण समजतो ती पुनरावृत्तीच्या शक्यतेवरच उभी असते, आणि ज्याची पुनरावृत्ती शक्य आहे त्याची नक्कलही शक्य आहे. निबंधाच्या शेवटी देरिदांनी स्वतःची सही छापून हा विरोधाभास कागदावरच मांडला. आपल्या विद्यापीठीय चर्चेत या युक्तिवादाचा उत्तरार्धच अधिक पसरला आहे : सही कुणाचीच हमी देत नाही, लेखक संहितेबाहेर गेलेला आहे, तेव्हा सहीचा विचार सोडून द्यावा. देरिदांचे म्हणणे असे नव्हते. सहीचे परिणाम जगात रोज घडतात हे त्यांनी नाकारले नाही. ते परिणाम शुद्ध हजेरीतून घडतात एवढेच नाकारले. नेल्सनच्या पत्रावरून पाहता, सहीचा परिणाम नेमका कशातून घडतो हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

नेल्सनची सही या प्रश्नासाठी जणू मुद्दाम तयार केल्यासारखी आहे. १७९७ च्या जुलैपर्यंतची सही उजव्या हाताची : उजवीकडे झुकलेली, सफाईदार. हात गेल्यानंतर दोनच दिवसांनी, २७ जुलै रोजी, वरिष्ठ अ‍ॅडमिरलला त्याने डाव्या हाताने पत्र लिहिले आणि पहिलाच प्रयत्न असल्याने गिचमीड अक्षराची माफी मागितली. या क्षणापासून त्याची सही 'तशीच पुन्हा' राहिली नाही. तरीही ती त्याचीच सही म्हणून चालली, सरकारने स्वीकारली, सावकाराने स्वीकारली. पुढे नाईलच्या विजयाबद्दल उमरावपद मिळाल्यावर तो नुसते 'नेल्सन' लिहू लागला. १७९९ मध्ये नेपल्सच्या राजाने सिसिलीतील ब्राँटेची जहागीर दिल्यावर त्या नावाचे निरनिराळे जोड त्याने करून पाहिले, आणि १८०१ पासून 'नेल्सन आणि ब्राँटे' ही सही स्थिरावली. म्हणजे डावा हात आणि 'होरेशिओ नेल्सन' हे साधे नाव यांचा संगम सव्वा-दीड वर्षापुरताच झाला, आणि मुंबईचे पत्र त्या काळातले आहे. हस्ताक्षरांच्या व्यापाऱ्यांना हे भेद अचूक ठाऊक असतात, कारण त्यावर किंमत ठरते. संग्राहक सही विकत घेतो आणि मजकूर फुकट मिळवतो. इतिहासकार मजकूर घेतो आणि सही तपासून झाल्यावर सोडून देतो. दोघांच्याही व्यवहारात सही आणि मजकूर यांचा एकमेकांशी संबंध येत नाही. समीक्षेचे काम तिथून सुरू व्हावे.

या पत्रात तो संबंध शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि तो या साऱ्या मजकुराचा गाभा आहे. नेल्सन लिहितो की आपले पत्र अपेक्षेइतके बिनचूक उतरले नसेल तर क्षमा असावी, कारण डोक्याला झालेल्या जखमांनी मेंदू असा हादरला आहे की आपण नेहमीच हवे तितके स्पष्ट नसतो याची आपल्याला जाणीव आहे. पण विवेकाचा एखादा किरण शिल्लक असेपर्यंत आपले हृदय आणि मस्तक राजा व देश यांच्या कामीच लागेल. त्यानंतर समाप्तीचे रूढ शब्द आणि सही.

पत्राच्या शेवटी क्षमा मागणे हा रिवाज आहे. आपल्याकडेही जमाखर्चाच्या वहीपासून पत्रिकेपर्यंत 'चूकभूल द्यावी घ्यावी' असतेच, आणि ते वाचून कोणी हिशेब पुन्हा तपासत नाही. नेल्सनने हा रिवाजी साचा घेतला आणि त्यात खरी जखम भरली. ती खरी होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच महिन्यातल्या इतर पत्रांतही तो डोक्याच्या असह्य वेदनांविषयी लिहितो. परंतु जखम खरी असणे आणि ती पत्रात विशिष्ट जागी ठेवली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७९७ च्या माफीची जागा अक्षरातच होती : गिचमीड वाचकाच्या डोळ्यांपुढे होती, शब्द तिचे फक्त नाव सांगत होते. १७९८ ची जखम कागदावर दिसत नाही. ती शब्दांतून सांगावी लागते, आणि सांगण्यात एक चमत्कारिक तार्किक गुंता आहे. आपण स्पष्ट नाही याची ज्याला स्पष्ट जाणीव आहे त्याचे कोणते वाक्य अस्पष्ट समजायचे? चाळीस हजार हा आकडा? मुंबई हे पहिले उद्दिष्ट? की हीच कबुली?

चरित्रकार या परिच्छेदात वीरवृत्ती पाहतात, इतिहासकार तो गाळतात. दोघेही त्याच्या जागेकडे दुर्लक्ष करतात. आधी पुराव्यावर आधारलेली हकीकत, मग पुराव्याला सोडून गेलेले 'मला ठाऊक आहे', मग आजवर बोनापार्टची गाठ इंग्रज अधिकाऱ्याशी पडलेली नाही आणि आपण त्याला इंग्रजांचा आदर करायला लावू अशी घोषणा, मग माझे डोके ठिकाणावर नाही ही कबुली, मग सही. कबुली आली की मागच्या साऱ्या विधानांचा दर्जा बदलतो. ती आता माहिती राहत नाहीत. एका माणसाने, त्या अवस्थेत, दिलेली साक्ष होतात. माहितीला वाचक पुरावा विचारू शकतो. साक्षीच्या बाबतीत वाचकाला साक्षीदाराविषयीच निर्णय करावा लागतो : याच्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा. आणि जो स्वतःच आपल्या बुद्धीच्या मर्यादा पुढे करतो त्याच्यावर अविश्वास दाखवणे जवळपास अशक्य होऊन बसते. पुरावा जिथे संपला होता तिथली पोकळी कबुलीने भरली आणि तिच्यावर सहीने मोहर उमटवली. सहीचा परिणाम हजेरीतून घडला नाही. हजेरी अपुरी असल्याच्या निवेदनातून घडला. देरिदांच्या युक्तिवादात ही शक्यता हिशेबात धरलेली दिसत नाही, आणि ऑस्टिनच्या उपपत्तीत तर नाहीच.

एका लष्करी पत्राचे हे अतिवाचन आहे असा आक्षेप येऊ शकतो. घाईत, वेदनेत लिहिलेल्या पत्राला एवढी रचना चिकटवण्यात अर्थ काय? नेल्सनने हे सारे योजून केले असे माझे म्हणणे नाही. पत्राची रचना लेखकाच्या योजनेवर अवलंबून नसते. पत्रलेखनाच्या संकेतांत कबुलीची जागा सहीच्या वर असते एवढे पुरेसे आहे. संकेत लेखकाकडून त्याला कळण्याआधी काम करून घेतात. याला पर्याय म्हणून हेतूचा शोध घेत बसलो तर आपण पुन्हा 'साधन' या कोटीत जाऊन पडू.

तुलनेसाठी समकालीन मराठी राजपत्राकडे पाहावे. तेथे मजकूर मोडीत कारकुनाच्या हातचा. माथ्यावर मुद्रा, अखेरीस मोर्तब. मोर्तबाच्या शिक्क्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे असत : लेखनाची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी काही लिहिल्यास ते ग्राह्य नाही. हा शिक्का धन्याच्या देहाशी बांधलेला नाही. धनी आजारी असो, बालक असो, मोहिमेवर असो, मुद्रा तीच राहते. तिला उजवा हात नाही आणि डावाही नाही. खाजगी पत्रात 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दिजे' म्हणून आटोपते घेतले जाते, आणि लिहिणाऱ्याचे नाव तर बहुधा पत्राच्या आरंभीच मायन्यात येऊन गेलेले असते. अशा व्यवस्थेत 'माझा मेंदू हादरला आहे' या वाक्याला प्रमाणीकरणाच्या दृष्टीने काहीच काम उरत नाही. म्हणजे कबुलीचा हा प्रभाव सार्वत्रिक मानवी गुण नाही. देहाशी बांधलेल्या सहीच्या संस्थेचे ते अपत्य आहे. आपल्याकडे ही संस्था कंपनीच्या कचेऱ्यांतून आणि कोर्टांतून रुळली, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्या अंगठ्याचा ठसा तिच्याच शेजारी येऊन बसला. मराठी पत्रवाङ्मयात मुद्रेची जागा सही घेते तेव्हा पत्राच्या अंतर्गत रचनेत काय बदलते, या दिशेने अभ्यास होणे फार गरजेचे आहे. पदव्युत्तर प्रबंधांसाठी इतका सुपीक विषय मोकळा पडला आहे याचे नवल वाटते.

येथे संपादनाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्लार्क व मॅकार्थर यांच्या १८०९ च्या चरित्रात नेल्सनची पत्रे कापून, सुधारून छापली गेली, आणि जिथे मूळ हाती आले नाही तिथे निकोलसलाही त्यांच्यावरच विसंबावे लागले. कॉलिन व्हाइट यांनी २००५ मध्ये पूर्वी अप्रकाशित असलेली शेकडो पत्रे उजेडात आणली तेव्हा जुन्या संपादनांतील काटछाट किती होती याची कल्पना आली. शिवाय एकोणिसाव्या शतकातील छापील आवृत्त्यांत समाप्तीचे शब्द 'इत्यादी' घालून तोडण्याची सर्रास पद्धत होती. सही छापली जाते ती खिळ्यांनी. डावा हात त्यात नाहीसा होतो. आपण ज्याला 'नेल्सनचे सही केलेले पत्र' म्हणून वाचतो त्यावर सही नसते, सहीची बातमी असते. मोडीतून बाळबोधीत उतरलेल्या आपल्या दप्तरांची स्थिती याहून निराळी नाही. आणि तरीही कबुलीचा परिच्छेद छापील पानावर आपले काम करतोच, कारण तो शब्दांत आहे. हात गेला तरी हाताबद्दलचे आर्जव उरते.

मुंबईच्या बाजूने या पत्राकडे पाहणे आपल्याला टाळता येणार नाही. पत्राचा संबोधित एक हुद्दा आहे. जोनाथन डंकन हा १७९५ पासून त्या हुद्द्यावर होता. संबोधितापलीकडे मुंबई पत्रात येते ती फक्त उद्दिष्ट म्हणून. एक सैन्य तिच्याकडे निघाले असेल, दुसरे आरमार तिला वाचवील. या दोन क्रियापदांच्या मध्ये शहराने स्वतः करायचे काही नाही. वसाहतवादी प्रोक्तीचा हा ठळक नमुना आहे असे म्हणून प्रकरण मिटवता येईल, आणि तसे म्हणणे चूकही नाही. परंतु एवढ्यावर थांबलो तर पत्रातली फट नजरेआड होते. साम्राज्याचा आवाज म्हणून आपण ज्याला ऐकतो तो येथे स्वतःच्या डोक्याची खात्री देऊ शकत नाही. आणि नेमका त्याच आवाजात 'मुंबई' हा शब्द प्रथम उच्चारला जातो. सत्तेची भाषा नेहमी आत्मविश्वासाचीच असते असे समजणारी आपली वसाहतोत्तर समीक्षा या ठिकाणी तोकडी पडते. दुबळेपणाची भाषाही सत्तेच्या कामी येते, कदाचित अधिक चांगल्या रीतीने. ईस्ट इंडिया कंपनीने पुढे नेल्सनला दहा हजार पौंड बक्षीस दिले. संकट टळले असे तिने मानले. पत्राने मात्र संकट टळले असे म्हटले नव्हते. त्याने सुएझकडे यापुढे सैन्य नेण्याजोगे जहाज जाऊ नये याची खबरदारी घ्याल असा विश्वास व्यक्त केला होता. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि त्यानंतर या पत्राचे सार सुटकेची वार्ता म्हणून सांगणे सोयीचे झाले असावे.

नेल्सनच्या पत्रांत सर्वांत प्रसिद्ध असलेले पत्र सहीवाचूनचे आहे. १९ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या लढाईपूर्वी त्याने एमा हॅमिल्टनला लिहावयास घेतले, दुसऱ्या दिवशी आणखी काही ओळी घातल्या, आणि लढाईनंतर पुरे करू या आशेने मेजावर ठेवले. २१ तारखेला तो मारला गेला. पत्र तसेच उघडे सापडले. एमाने त्यावर आपल्या हाताने स्वतःला दुर्दैवी आणि त्याला धन्य म्हणणारे शब्द लिहिले. सहीच्या रिकाम्या जागी वाचकाचे अक्षर आले. त्या पत्राची अस्सलता कोणी सहीवरून ठरवत नाही, आणि त्यातील एकाही विधानाला पुरावा कोणी मागत नाही. मुंबईच्या पत्राला सहीची गरज होती कारण त्याला एका अनोळखी हुद्द्याकडून कृती करवून घ्यायची होती. एमाच्या पत्राला ती नव्हती. सहीची गरज जवळिकीच्या व्यस्त प्रमाणात वाढते की काय, हे अधिक पत्रे ताडून पाहावे लागेल.

मुंबईचे पत्र मात्र सहीपाशी थांबत नाही. सहीनंतर ताजा कलमासारख्या दोन ओळी आहेत. पत्र घेऊन येणारा लेफ्टनंट डुव्हाल स्वखुषीने येत आहे; त्याला लगेच इंग्लंडला पाठवावे आणि त्याच्या वर्तणुकीला साजेल अशी शिफारस सोबत द्यावी. नेल्सनला त्या दिवशी ठाऊक असणे शक्य नव्हते, पण विजयाचा मूळ खलिता घेऊन निघालेले 'लिअँडर' हे जहाज नऊ दिवसांनी फ्रेंचांनी पकडले, आणि लंडनला बातमी कळली ती दुसऱ्या जहाजाने नेपल्समार्गे धाडलेल्या दुसऱ्या प्रतीवरून, २ ऑक्टोबर रोजी. डुव्हालच्या मागे अशी दुसरी वाट असल्याचा उल्लेख पत्रात नाही. तो सिरियाच्या किनाऱ्यावर उतरला, उंटांच्या तांड्याबरोबर अलेप्पोकडून वाळवंट ओलांडून बसऱ्यास आला, आणि तेथून कंपनीच्या जहाजाने, पावसाळा सरल्यावर, मुंबई बंदरात पोचला. या वाटेविषयी पत्रात काही असण्याचे कारणही नव्हते. ती पत्र लिहून झाल्यानंतरची आहे. मर्यादा सहीने घातली होती, आणि तिच्या खाली, तिच्या बाहेर, फक्त त्याचे नाव होते.